‘कळवतो’ म्हणाले, कारण मात्र कळले नाही

रविवारी सकाळी विहारात वंदना आटोपली, की आम्ही चार-पाच कार्यकर्ते मागच्या खोलीत लोकांचे अर्ज भरण्याचे काम करतो. कुणाचे रेशनकार्ड, कुणाचे जातीचे प्रमाणपत्र, कुणाच्या मुलाची शिष्यवृत्ती. मी पेशाने लिपिक. कागदाची भीती वाटत नाही, एवढेच माझे भांडवल. गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका रविवारी वस्तीतल्या एक ताई आपल्या मुलीला घेऊन आल्या. त्यांना कसला अर्ज भरायचा नव्हता. दारातूनच म्हणाल्या, “जयभीम भाऊ. हिला जरा चार शब्द सांगा. आठ दिवस झाले, नीट जेवत नाही. नोकरी नाही लागली म्हणून कुणी असं करतं का?”

मुलीचे नाव मी येथे देत नाही. तिला अजून नोकरी मिळवायची आहे. वय सव्वीस, एम.कॉम. पहिल्या वर्गात. शिवाय चार वर्षे एका चार्टर्ड अकाउंटंटकडे काम केलेले. टॅली, जीएसटीची विवरणपत्रे, टीडीएस, बँकेची जुळवणी, सगळे हाताखालून गेलेले. ठाणे जिल्ह्यातील एका खासगी कंपनीला हिशेब खात्यात माणूस हवा होता. जाहिरातीत जे जे मागितले होते ते ते हिच्याकडे होते. लेखी परीक्षा झाली. पेपर तपासणारा गृहस्थ सरळ मनाचा असावा. “तुमचाच पेपर सगळ्यांत स्वच्छ आहे,” असे तो तिला म्हणाला. मग तिला आत मुलाखतीला पाठवले.

आत तिघे होते. पहिली दहा मिनिटे हिशेबाचेच प्रश्न झाले. मग मधल्या साहेबांनी विचारले, “राहायला कुठे?” हिने वस्तीचे नाव सांगितले. आपल्या वस्त्यांची नावे वाचकांना ठाऊक आहेत. ती ऐकली की ऐकणाऱ्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. तरी त्यांनी विचारले, “वडील काय करतात?”

“महापालिकेत आहेत.”

“कोणत्या खात्यात?”

“घनकचरा व्यवस्थापन.”

साहेबांनी हातातले पेन खाली ठेवले. “ठीक आहे, आम्ही कळवतो,” म्हणाले. पगाराचे बोलणे झाले नाही, रुजू कधी होता येईल हेही कुणी विचारले नाही. वीस दिवसांनी दोन ओळींचा ईमेल आला की आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा. आणि त्यानंतर दहा दिवसांत तीच जाहिरात, त्याच पदासाठी, त्याच अटींसह पुन्हा झळकली.

एवढे सांगून मुलगी थांबली. मग म्हणाली, “काका, खरं सांगा. जातीमुळेच ना?”

खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. ‘हो’ म्हणावे, तर हातात पुरावा काय? साहेबांनी पेन खाली ठेवले, हा काही पुरावा नव्हे. निवडलेला उमेदवार ऐनवेळी आला नसेल, म्हणून जाहिरात पुन्हा काढली असेल. दोन जागा असतील. ‘नाही’ म्हणावे, तर माझेच मन साक्ष देत नव्हते. घरात मात्र दोन निकाल आधीच लागलेले होते. आईचे म्हणणे, “तुझंच काहीतरी चुकलं असेल, मोठ्या लोकांपुढे नीट बोलली नसशील.” धाकट्या भावाचे म्हणणे, “जात नडली. दुसरं काय? सोड आता खासगीचा नाद.” दोघेही तिच्या मायेपोटीच बोलत होते. पण आईच्या निकालाने मुलगी स्वतःला खात होती आणि भावाच्या निकालाने पुढचा अर्जच करायला तयार नव्हती.

ती जे पुढे बोलली ते मी विसरलो नाही. “काका, अभ्यास कमी पडला असता तर मी अभ्यास केला असता. इंग्रजी कमी पडलं असतं तर क्लास लावला असता. पण नाही कशामुळे म्हणाले तेच कळलं नाही, तर मी सुधारू काय?”

माझी स्वतःची एक गोष्ट मी तिला त्या दिवशी सांगितली. घरीही मी ती फारशी सांगत नाही. २००३ साल. बी.कॉम. झालो होतो, टंकलेखनाच्या मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांच्या दोन्ही परीक्षा पास होतो. मशीद बंदर भागातल्या एका पेढीत हिशेबनीस हवा होता. कुणाच्या तरी ओळखीने गेलो. मालक वयस्क होते, वागायला गोड. खतावणी दाखवली, दोन-चार नोंदी करायला लावल्या, खूश दिसले. मग अर्जावरच्या ‘धर्म : बौद्ध’ या ओळीवर त्यांचे बोट थांबले. हसतच त्यांनी विचारले, “मांसमच्छी चालते का तुमच्यात? नाही, इथे सगळे शाकाहारी आहेत. सगळे डबे एकत्र बसून खातात, म्हणून विचारलं.”

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, “मी डब्यात आणणार नाही, शेठ.”

नोकरी मिळाली नाहीच. पुढे दोन-तीन वर्षांत मी सरकारी परीक्षा देऊन लिपिक झालो, संसार झाला, सगळे झाले. ती नोकरी गेल्याचे दुःख केव्हाच विसरलो. पण माझे ते उत्तर अजून टोचते. न विचारता दिलेली ती हमी! आणि आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही की मला जातीमुळेच घेतले नाही. माझे इंग्रजी पत्रलेखन यथातथाच होते. त्या पेढीला इंग्रजी पत्रव्यवहार लागत असेल. वडिलांना सांगितले तेव्हा तेही म्हणाले, “तुलाच बोलता आलं नसेल.” म्हणजे या मुलीच्या आईने जे म्हटले तेच, वीस वर्षे आधी.

आमचे आजोबा गिरणीत होते, रिंग खात्यात. त्यांच्या पिढीला असा संशय घेण्याची गरजच पडत नसे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी जास्त होती, आणि त्याच खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण उघड सांगितले जाई. धोट्यातले सूत संपले की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. मग अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा बाकीच्यांनी कसा वापरायचा? १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना नेमके याच प्रश्नावर अडवले. मजुरांच्या हक्कांसाठी लढता, तर विणाई खाते अस्पृश्य मजुरांनाही खुले करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. बंदी अन्यायाची होती, पण ती डोळ्यांना दिसत होती. तिच्याविरुद्ध मागणी करता येत होती.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या वाट्याला काय आले, ते आपण दरवर्षी जयंतीच्या भाषणांतून ऐकतो. १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत शिपाई फायली लांबून टाकत, राहायला जागा मिळेना, ही हकीकत पाठ्यपुस्तकांतही आली आहे. त्यामानाने मुंबईतली एक गोष्ट कमी सांगितली जाते. शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्यासाठी त्यांनी एक छोटी पेढी काढली होती. सल्लागार कोण, हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. त्यानंतर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तिथेही सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतलीच. वाणिज्य शाखेच्या आम्हा मुलांना हे कॉलेजात कुणी सांगितले नाही. माझ्या वाचनात ते नोकरीला लागल्यावर आले.

आज कोणी पाण्याचे भांडे दाखवत नाही. ‘शुभेच्छा’ देतात. कारण सांगण्याचे बंधन कुणावर नाही. आजोबांना कारण ठाऊक होते, मला ते आडून सुचवले गेले, आणि या मुलीला नुसता ईमेल आला.

मग हा नुसता मनाचा खेळ आहे का? तसेही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल या अमेरिकेतील संशोधकासह एक मोठी पाहणी केली. ती २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाली. पद्धत साधी होती. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती पाहायच्या आणि एकाच जाहिरातीला सारख्या शिक्षणाचे, सारख्या अनुभवाचे अर्ज पाठवायचे. फरक फक्त नावाचा. एक नाव उघड उच्चजातीय, एक उघड दलित, एक मुस्लिम. जात कुठेही लिहिलेली नाही. ५४८ जाहिरातींना मिळून ४,८०८ अर्ज गेले. हे अर्जदार प्रत्यक्षात नव्हतेच, त्यामुळे कोणी मुलाखतीत अडखळले, कोणाचे कपडे बरे नव्हते, असे म्हणायला जागा नव्हती. पुढच्या बोलावण्याच्या बाबतीत दलित नावाचे पारडे उच्चजातीय नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश भरले, मुस्लिम नावाचे एक-तृतीयांश.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. दलित नावांनाही बोलावणी आली. म्हणजे प्रत्येक नकार जातीचाच असतो असे नाही. पण मोजण्याइतका फरक पडतो, तोही अर्जदाराने तोंड उघडण्याच्या आधी, हेही तितकेच खरे. मुख्य म्हणजे एकट्या अर्जदाराला जे कधीच दिसणार नाही, ते हजारो अर्ज शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसले. तुमच्या-आमच्या घरातल्या एका ईमेलवरून ते दिसणे शक्य नाही.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या अभ्यासकांनी दिल्लीतील मोठ्या कंपन्यांच्या २५ नोकरभरती अधिकाऱ्यांशी बोलून आणखी एक अभ्यास केला. सगळे अधिकारी एकमुखाने म्हणाले की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि तेच अधिकारी उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ जाणून घेणे महत्त्वाचे मानत होते. वडील काय करतात, आई काय करते, भावंडे काय शिकली, घर कुठे. यातून माणसाचे वळण कळते म्हणे! जातीचा शब्दही न उच्चारता पिढ्यान्पिढ्यांचे सगळे त्या एका प्रश्नात येते. घरातली पहिली पदवीधर मुलगी या प्रश्नापुढे उभी राहते, तेव्हा तिने जे मोठे केले तेच तिच्याविरुद्ध धरले जाते. माझ्या मते वडील घनकचरा खात्यात असताना मुलगी एम.कॉम. पहिल्या वर्गात येते, हीच तर गुणवत्ता. पण ती मोजण्याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नाही.

कायद्याचे विचाराल तर थोडक्यात सांगतो, कारण या बाबतीत आपल्याकडे गैरसमज फार आहेत. घटनेचे कलम १६ समान संधीची हमी देते, पण ती सरकारी नोकरीत. खासगी कंपनीने नोकरभरतीत जात पाहू नये आणि पाहिल्यास उमेदवाराने अमुक अधिकाऱ्याकडे दाद मागावी, अशी सोय करणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. स्त्री म्हणून भरतीत डावलण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने बंदी घातली होती, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आहे. जातीसाठी जे आहे ते फौजदारी स्वरूपाचे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला व्यवसाय किंवा नोकरी करण्यास अडवणे हा गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने तसे कलम आले, ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला असल्याने तो कायदा आपल्यालाही आहे. फक्त जातीचे प्रमाणपत्र हाताशी हवे. पण पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो तो हाच, “ते नेमके काय बोलले?” आणि मुलगी सांगणार, “कळवतो म्हणाले.” रागाच्या भरात अशी तक्रार नोंदवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ती टिकत नाही, आणि ज्याच्यावर उघड अत्याचार झाला त्याच्या तक्रारीकडेही मग लोक त्याच नजरेने पाहतात.

सरकारी, जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या किंवा अनुदानित संस्थेच्या भरतीत मात्र आपण इतके हतबल नाही. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून साधा अर्ज करावा, आपले गुण, निवड यादी आणि बिंदुनामावली मागावी. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘योग्य उमेदवार न मिळाल्याने’ राखीव जागा रिक्त राहते, तेव्हा किती जणांना बोलावले होते आणि कुणाला किती गुण दिले, हे विचारलेच पाहिजे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. लेखीत पुढे असलेला मुलगा तोंडीत मागे पडण्याची एक वाट त्यामुळे बुजली. पण त्या जागा निघतात किती? सफाईपासून संगणकापर्यंतची कामे कंत्राटावर गेली. आपली मुले आता त्याच खासगी दारांवर उभी आहेत जिथे बिंदुनामावली नाही आणि माहितीचा अधिकारही नाही.

आता त्या मुलीकडे येतो. मी तिला शहाणपण शिकवले नाही. लिपिकाला जे सुचते ते केले. कपाटातून एक कोरी हिशेबवही काढली आणि रकाने आखले. जाहिरातीची तारीख व कात्रण. काय काय मागितले होते. अर्ज कधी केला. लेखी झाली का. मुलाखत कोणी घेतली, नाव माहीत नसेल तर पद. कोणते प्रश्न विचारले. उत्तर कधी व काय आले. जाहिरात पुन्हा निघाली का. निवड कुणाची झाली, खात्रीने कळले तरच. शेवटचा रकाना ‘कारण’.

प्रश्नांच्या रकान्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ते प्रश्न त्याच दिवशी, बसने घरी येतानाच, विचारले त्याच शब्दांत लिहावेत. दोन दिवस गेले की आपण आपल्याला सोसवेल तसे किंवा सलेल तसे आठवू लागतो. या मुलीला पहिल्यांदा लिहायला सांगितले तेव्हा तिने लिहिले, “वडिलांच्या नोकरीवरून अपमान केला.” मी म्हटले, “बाळा, हे नको. ते काय म्हणाले ते लिही.” तिने दोन ओळी खोडून लिहिले, “वडील काय करतात? कोणत्या खात्यात?” खाली कंसात आपणहूनच लिहिले, “पेन खाली ठेवले.” तेवढे पुरेसे होते. हिशेबाचे प्रश्नही सगळे लिहायला लावले. ते आठ होते आणि आठांचीही उत्तरे बरोबर होती, हे तिला स्वतःला तिथे बसून लिहिताना समजले. तोवर तिच्या डोक्यात ते पेनच होते.

‘कारण’ हा रकाना मात्र कोरा ठेव म्हणालो. अंदाजाने भरायचा नाही.

वही आता विहारातच असते आणि इतर मुलेही तीत लिहितात. नोंदी थोड्या आहेत, हे काही संशोधन नव्हे, म्हणून त्यातले आकडे मी येथे देत नाही. पण काही गोष्टी दिसू लागल्या. ‘वडील काय करतात’ हा प्रश्न किती वेळा येतो ते दिसते. आणि कधी कधी उलटेही घडते. मालवाहतुकीच्या एका कंपनीत एका मुलाला नकार आला. जातीनेच घात केला असे तो शपथेवर सांगत होता. वहीतल्या तारखा लावून पाहिल्या, तिथे काम करणाऱ्या एका ओळखीच्याला विचारले, तर कळले की ती जागा कंपनीने आपल्याच पुणे शाखेतला माणूस बदलीने आणून भरली होती, आणि तोही आपल्याच समाजाचा! मुलगा माझ्यावर चिडला. चार रविवार फिरकला नाही. त्याचेही बरोबरच होते म्हणा, दुखण्याला त्याने एक नाव दिले होते आणि ते मी काढून घेतले. पाचव्या रविवारी आला आणि नव्या अर्जाची नोंद करून गेला.

मुलीच्या कंपनीला आम्ही एक पत्र पाठवले. इंग्रजीत, चार ओळींचे. मी अमुक तारखेला आपल्याकडे परीक्षा व मुलाखत दिली होती. याच पदाची जाहिरात पुन्हा आलेली दिसली. माझा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा. पात्रतेत काही उणीव आढळली असल्यास कळवावे म्हणजे ती भरून काढता येईल. आरोप नाही, आर्जव नाही. असे पत्र पाठवायला पैसे पडत नाहीत आणि त्याला आलेले उत्तर, किंवा न आलेले उत्तर, हा एक कागद होतो. पंधरा दिवस काही आले नाही. मग एक दिवस कंपनीतून फोन आला. बोलणारी बाई हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, तुमचा पेपर खरंच चांगला होता. तुम्ही दुसरीकडे प्रयत्न करा. मी सांगितलं असं म्हणू नका.” एवढेच बोलून फोन ठेवला. आम्ही तो फोन वहीत तारीख-वेळेसह नोंदवला. कारणाचा रकाना अजून कोराच आहे. पण मुलगी त्या दिवसापासून पोटभर जेवू लागली, असे तिची आई सांगते. ‘तुझंच काही चुकलं असेल’ हे त्या माउलीने त्यानंतर एकदाही म्हटलेले नाही.

त्याच माउलीने मागच्या आठवड्यात वेगळाच विषय काढला. “भाऊ, हिचं आडनाव बदलून घेतलं तर? गावाच्या नावावरून ‘कर’ लावलेलं? आणि अर्जावर वस्तीचं नाव नको, नुसता रस्ता आणि पिनकोड लिहू.” आपल्यातल्या अनेक कुटुंबांनी आडनावे बदलली आहेत. त्यांना नावे ठेवणारा मी कोण? डब्याची हमी मीही दिली होती. राजपत्रात नाव बदलता येते, पण मग शाळेचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणी, सगळीकडे जुने-नवे जुळवत बसावे लागते, हे लिपिक म्हणून सांगितले. आणि नोकरीला लागल्यावर पुढे? ऑफिसातली मैत्रीण घरी यायचे म्हणाली तर भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो कुठे ठेवायचा? चौदा एप्रिलची रजा कोणत्या कारणाने मागायची? हे प्रश्न मी विचारले, उत्तर दिले नाही. ते त्या घराने द्यायचे होते.

मुलगी इतका वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. मान वर न करताच म्हणाली, “आई, बाबांनी पंचवीस वर्षं ज्या पत्त्यावर पगार आणला तो पत्ता चुकीचा कसा?” मग आईनेही विषय वाढवला नाही.

येत्या गुरुवारी तिची आणखी एका ठिकाणी मुलाखत आहे, वाशीला. अर्जाची प्रत वहीत लावलेली आहे. पत्ता पूर्ण लिहिला आहे, वस्तीच्या नावासकट.